कोपरचे कॅप्टन

कोपरला राहणारा पायलट, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी माझी खेचतंय. आमच्या धंद्यातली माणसं अंधेरी-पवईच्या पलीकडे राहत नाहीत. मी ठाण्यात खोपटला राहते, तर मलाच सगळे गावाकडची समजायचे. आणि हे गृहस्थ, खांद्यावर चार पट्ट्या असलेले कॅप्टन, डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या एका लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे. "सर, इतक्या लांब का राहता?" असं विचारलं की म्हणायचे, "हवा चांगली आहे." डोंबिवलीत! हवा! आणि हे सांगताना नाकाला रुमाल लावलेला असायचा.

मी त्यांच्या बाजूला बसणारी को-पायलट, आणि आम्ही दोघं मध्य रेल्वेच्या बाजूचे, म्हणून कंपनीने आम्हाला एकच गाडी दिलेली. गाडी आधी त्यांना घ्यायची, मग माणकोलीच्या पुलावरून ठाण्यात यायची आणि मला उचलायची. ते आधीच मागे बसलेले असायचे, मांडीवर टोपी, आणि गाडीत बऱ्याचदा कोंबडीच्या आतड्यांचा वास. हो, आतड्यांचाच. त्यांची गल्ली अरुंद, म्हणून गाडी कोपऱ्यावर चिकनच्या दुकानापाशी थांबायची. दुकानदार घाण तिथेच उकिरड्यावर टाकायचा आणि वर घारी घिरट्या घालायच्या. आमचे साहेब पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून, हातात प्लास्टिकची पिशवी चढवून, ती आतडी उचलून झाकणाच्या डब्यात टाकायचे, बाटलीतल्या पाण्याने हात धुवायचे, आणि मगच गाडीत बसायचे.

"अहो साहेब, विमानतळ इथून कुठच्या कुठे!" दुकानदार ओरडायचा.

"ते घारीला सांग," साहेब म्हणायचे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर यांची दहशत होती. गच्चीवर कोणी कबुतरांना दाणे टाकले, कोणी कावळ्यांना शेव टाकली, की हे हजर. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांशी तर बोलणंच बंद. सगळी बिल्डिंग म्हणायची, पायलटकाकांचं डोकं फिरलंय. मीही म्हणायचे. कशाला खोटं बोलू?

पण त्यांचं खरं खूळ वेगळंच होतं. कुठलीही वस्तू चालू किंवा बंद करायच्या आधी ते तिच्यावर बोट ठेवायचे, तिचं नाव घ्यायचे आणि विचारायचे, "बरोबर?" समोरच्याने नीट बघून "बरोबर" म्हटल्याशिवाय बोट पुढे सरकायचं नाही. विमानात हे सगळेच करतात, तो नियमच आहे. चुकीचा खटका दाबला तर वर रस्त्याच्या कडेला गाडी लावून बघता येत नाही. बाकीची ठरलेली वाक्यं इंग्रजीत, पण मराठी माणूस बाजूला असला की यांचं "बरोबर?" मात्र मराठीत. आणि ते फक्त विमानात नाही. घरीसुद्धा!

एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलेले. काकू मोहन्याच्या, वडील रेयॉनच्या कारखान्यात, त्यामुळे भोंग्यावर उठायची-बसायची सवय लहानपणापासूनची. हा संसार त्यांनाच जमला. साहेब ओट्यापाशी गेले, शेगडीच्या बटणावर बोट ठेवलं.

"उजवीकडचा गॅस. बंद करतोय. बरोबर?"

"नाही हो! उजवीकडे वरण आहे. डावीकडचा."

साहेबांचा चेहरा असा खुलला की जणू काकूंनी त्यांना हार घातला. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "हिने मान न वळवता हो म्हटलं असतं तर आज कच्चं वरण खावं लागलं असतं."

काकू पोळी लाटत म्हणाल्या, "अगं, अंतरपाट धरला तेव्हा यांनी असंच बोट दाखवून विचारलं असतं ना, तर मी तिथेच नाही म्हटलं असतं."

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे डोक्याला ताप. हा माणूस दिवसातून एकदा तरी मुद्दाम चुकायचा. बुधवारी गाडीत बसले की, "आज मंगळवार. बरोबर?" आणि मी म्हणायचे, "हो सर." झालं! मग विमानतळ येईपर्यंत साहेबांचं तोंड खिडकीकडे.

माझा काय दोष? आमच्या घरात मोठ्यांना नाही म्हणायची पद्धतच नाही. बाबांनी एकदा पाहुण्यांना भलत्याच नावाने हाक मारली, तर आम्ही सगळ्यांनी दिवसभर त्या बिचाऱ्यांना त्याच नावाने हाक मारली. पाहुणेही ओ देत होते! अशा घरातून आलेली मुलगी कॅप्टनला तोंडावर नाही कशी म्हणणार? तेही केस पिकलेल्या कॅप्टनला?

"तुझ्या 'हो सर'मध्ये मान आहे, पण डोळे नाहीत," ते एकदा म्हणाले. "माझ्या बाजूला बसून मला मान देऊ नकोस. बघ. एक दिवस मी खरंच चुकेन, आणि मागे बसलेली सगळी माणसं तुझ्या एका 'नाही'वर असतील. तो गिळलास की संपलं."

त्या वेळी मला हे फार नाटकी वाटलं. हा माणूस आणि चुकणार? खटक्यांना देवासारखं बोट लावून नमस्कार करणारा?

माझा पहिला 'नाही' अखेर रागातून आला. सलग पाच दिवस उड्डाणं, झोप नाही, पोटात काही नाही, आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकलेली. साहेबांनी माझ्या बॅगेवर बोट ठेवलं. "ही माझी बॅग. बरोबर?"

"नाही!" मी अशी किंचाळले की ड्रायव्हरने ब्रेक मारला. "नाही सर! ही माझी बॅग आहे! कालही माझीच होती! आणि आज गुरुवार आहे, मंगळवार परवाच होऊन गेला!"

मला वाटलं, गेली नोकरी. पण साहेबांनी चक्क हात जोडले. "आली. आली एकदाची!" मग गाडी बाजूला घ्यायला लावून मला गरम वडे खायला घातले आणि स्वतः समोर उभे राहून बघत राहिले. त्या दिवसापासून मी त्यांना नाही म्हणायला लागले. हळूहळू त्यात मजाही यायला लागली. अहो, एवढ्या मोठ्या माणसाला रोज तोंडावर नाही म्हणायचं आणि वर शाबासकी, असं भाग्य आमच्या घरात कोणाला मिळालेलं?

तर, त्या दिवशीचं सांगते.

सकाळचं नागपूरचं विमान होतं, गच्च भरलेलं. उडवायची पाळी माझी होती. आमच्यात तसंच असतं, एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने रेडिओ, खटके आणि बाकीचा पसारा सांभाळायचा. समुद्राच्या दिशेने तोंड करून आम्ही उडालो. साहेबांनी चाकं आत घेतली. आणि समोर काळं काहीतरी दिसलं. एक नाही, बरीच.

"घारी!" साहेब एवढंच म्हणाले.

धाड. धाड. पुन्हा धाड. एक घार थेट त्यांच्या समोरच्या काचेवर फुटली, अख्खी काच रक्ताने आणि पिसांनी भरली. त्याच क्षणी विमानाला असा हिसका बसला की माझे दात एकमेकांवर आपटले. मागून कुठूनतरी तोफेसारखे बार व्हायला लागले. कॉकपिटमध्ये जळक्या पिसांचा वास भरला. इशाऱ्याची घंटा वाजत होती, पडद्यावर लाल-पिवळी अक्षरं येत होती आणि दोन्ही इंजिनांचे आकडे जागेवर नव्हते. म्हणजे दोन्हीकडे काही ना काही गेलेलं होतं. विमान उजवीकडे ओढायला लागलं. मी डावा पाय जोरात दाबला आणि नाक सरळ धरलं.

मला वाटलं, आता ते म्हणतील, "माझ्याकडे दे." कुठलाही कॅप्टन तेच म्हणाला असता.

"तूच उडव," ते म्हणाले. "सरळ जा. वर जात राहा. मी बाकीचं बघतो."

मी वर जात राहिले. खाली जुहूचा किनारा संपला आणि पाणी सुरू झालं. बार थांबत नव्हते. प्रत्येक बाराबरोबर विमान थरथरायचं आणि मागून माणसांच्या किंकाळ्या दारातून आत यायच्या. आम्ही अजून इतके खाली होतो की मला लाटांवरचा फेस दिसत होता. साहेबांनी पडद्याकडे बघितलं, त्या रक्ताने भरलेल्या काचेकडे बघितलं आणि इंजिनांचा जोर कमी-जास्त करायच्या दोन लिव्हरपैकी एकीवर हात ठेवला.

"डावं इंजिन. मागे घेतोय. बरोबर?"

डावं.

माझा डावा पाय पूर्ण दाबलेला होता. मांडी भरून आलेली. डावा पाय दाबावा लागतोय, म्हणजे विमान उजवीकडे जातंय, म्हणजे उजवं इंजिन मरतंय. उडवणाऱ्याच्या पायाला हे कळतं. साहेब उडवत नव्हते, त्यांचे पाय मोकळे होते. कॅप्टन डावीकडे बसतो. त्यांच्या बाजूची काच रक्ताने लाल झालेली, त्यांच्या बाजूने धडका बसलेल्या, आणि त्यांचा हात त्याच बाजूच्या लिव्हरवर गेलेला. डाव्या इंजिनालाही मार होता, पण ते ओढत होतं. आम्ही हवेत होतो ते फक्त त्याच्यावर.

हे नेहमीसारखं मुद्दाम आहे का, असं मनात आलं नाही असं नाही. पण मुद्दाम असो नाहीतर खरं, उत्तर एकच होतं.

"नाही!" मी ओरडले. "नाही सर! उजवं! माझा डावा पाय दाबलेला आहे, उजवं गेलंय!"

तव्याचा चटका बसावा तसा त्यांनी हात उचलला. आकडे पुन्हा बघितले. माझ्या पायाकडे वाकून बघितलं. एवढा वेळ नव्हता हो आमच्याकडे, पण त्यांनी तो घेतला, आणि मला जन्मभर पुरेल एवढं शिकवलं. मग दुसऱ्या लिव्हरवर बोट ठेवलं.

"उजवं इंजिन. मागे घेतोय. बरोबर?"

"बरोबर."

"उजव्याचं इंधन. बंद करतोय. बरोबर?"

"बरोबर!"

बार थांबले. एकदम अशी शांतता पसरली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. त्या शांततेत डावं इंजिन घरघरत होतं. साहेबांनी टॉवरला सांगितलं, आम्ही परत येतोय. आवाज नेहमीचाच होता, पण चेहरा खडूसारखा पांढरा.

आता प्रश्न एकच होता. डावं पोचवतंय का?

त्याला जास्त ताण द्यायचा नाही आणि उपाशीही ठेवायचं नाही, असं करत मी विमान उजवीकडे वळवलं आणि समुद्रावरून पुन्हा शहराच्या दिशेने आणलं. धावपट्टीवर उतरायचं तर पूर्वेकडे लांब जाऊन वळसा घ्यावा लागतो, आणि तो वळसा कुठून जातो? आमच्याच घरांवरून. येऊरचा डोंगर मागे गेला, ठाणं गेलं, माझं खोपट गेलं. खाडी आली, आणि पलीकडे डोंबिवलीच्या बिल्डिंगा, एकीला दुसरी चिकटून. इंजिनाच्या थरथरीचा आकडा चढत चाललेला. इथे ते बंद पडलं तर मोकळं असं काहीच नव्हतं, चिखल आणि माणसं, बस्स.

मधेच साहेबांनी माईक उचलला आणि प्रवाशांशी आधी मराठीतच बोलले. "नमस्कार, कॅप्टन बोलतोय. आपल्याला घारी धडकल्यात. एक इंजिन आम्ही बंद केलंय, दुसऱ्यावर परत येतोय. पट्टे घट्ट बांधा आणि एअर होस्टेस सांगतील ते ऐका. मी बरा आहे, आणि विमान उडवणारी माझ्यापेक्षा बरी आहे." तशा अवस्थेतही मला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी.

खाली कोपर दिसलं. साहेबांच्या काचेतून काहीच दिसत नव्हतं.

"सर, कोपर आलं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. काकू त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत असणार, हे डोक्यातून जात नव्हतं.

"मला कोपर नको सांगूस," ते म्हणाले. "वेग सांग."

मी वेग सांगितला. ते बरोबर म्हणाले. मग मी उंची सांगितली. ते बरोबर म्हणाले. असं आम्ही एकेक आकडा एकमेकांच्या हातात देत कल्याणच्या अलीकडे वळलो आणि धावपट्टीच्या रेषेत आलो. उतरवायचंही मलाच होतं, कारण त्यांना समोरचं दिसतच नव्हतं. घाटकोपरच्या टेकड्यांवर डावं इंजिन एकदा धाडकन खोकलं. आकडा खाली गेला, थांबला, पुन्हा वर आला.

"त्याच्याकडे बघू नकोस," साहेब म्हणाले. "ते माझं काम. तू धावपट्टी बघ."

मी धावपट्टी बघितली. दुसरं जग नव्हतंच त्या वेळी. झोपड्यांचे निळे पत्रे पायाखालून गेले, चाकं टेकली, जरा आपटलीच, पण टेकली. ब्रेक लागले. थांबलो. आगीचे बंब दोन्ही बाजूंनी धावत आले, पण आग नव्हती. मागे कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं विमानच टाळ्या वाजवायला लागलं, रडायलाही लागलं.

साहेबांनी डाव्या इंजिनाच्या खटक्यावर बोट ठेवलं, "बंद करतोय. बरोबर?" म्हणाले, आणि मी नीट बघूनच "बरोबर" म्हटलं.

पुढे चौकशी झाली. विमानातले सगळे आवाज रेकॉर्ड झालेले असतात, ते ऐकवतात. रेकॉर्डिंग लावायच्या आधीच साहेब म्हणाले, "एक सांगतो. मी चुकीच्या लिव्हरवर हात ठेवला होता. हिने थांबवलं." समोरचे अधिकारी म्हणाले, हात ठेवलात पण ओढली नाहीत, विचारलंत, नियमाप्रमाणेच झालं. ठपका कोणावरच आला नाही.

इकडे कोपर स्टेशनबाहेर बॅनर लागला. साहेबांचा फोटो छोटा, शुभेच्छुकांचे मोठे. साहेब स्वतः जाऊन त्या पोरांना म्हणाले, "अरे, काढा तो. विमान उडवत होती दुसरीच, आणि मी चुकलो होतो." पोरं म्हणाली, "काका, तुम्ही किती साधे हो!" आणि बॅनर गणपतीपर्यंत तसाच राहिला.

गाडीत मी धीर करून विचारलं, "सर, त्या दिवशी ते मुद्दाम होतं का? नेहमीसारखं?"

"वेडी आहेस का?" ते एकदम चिडले. "मागे माणसं बसवून कोण मुद्दाम चुकेल? साफ चुकलो. रक्त डावीकडे दिसलं आणि हात डावीकडे गेला." मला उगाच विचारलं असं झालं.

त्यांच्या परीक्षा झाल्या, नकली कॉकपिटमध्ये पुन्हा घारी धडकवल्या, डॉक्टरांनी तपासलं. सगळ्यात पास. निवृत्तीला अजून अवकाश होता, आणि उडण्याशिवाय या माणसाला दुसरं काहीही येत नव्हतं. काकूच म्हणायच्या, "यांना घरी बसवलं तर हे मला दिवसभर बोटं दाखवतील." पुन्हा एकत्र ड्युटी लागली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आदल्या दिवशीच बॅग भरून ठेवली.

प्रवासी आत आले, दार अजून उघडं होतं. आम्ही सुरुवातीची तपासणी करत होतो. साहेब एकेका खटक्यावर बोट ठेवत होते, विचारत होते, मी बरोबर म्हणत होते. अर्ध्यावर ते थांबले. कानावरचा हेडफोन काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"काय झालं सर?"

"मी एकही आकडा बघितलेला नाही," ते म्हणाले. "मघापासून तुझ्या तोंडाकडे बघतोय. तू हो म्हणतेस की नाही, तेवढंच बघतोय."

"सर, असं काही नाही. दोन-चार फेऱ्या झाल्या की जाईल."

"जाईलही. पण त्या दोन-चार फेऱ्यांत मागे कोण बसायचं?"

मी खूप बोलले. डॉक्टरांनी हो म्हटलंय, परीक्षा झाल्यात, तुम्ही फक्त दमला आहात, मी आहे ना बाजूला, सगळं सांगून बघितलं. "तू आहेस म्हणूनच," ते म्हणाले. ऑफिसला फोन लावला, दुसरा कॅप्टन पाठवा म्हणून सांगितलं. "नाही, आजच्यापुरता नाही," तेही सांगितलं. इतक्या सरळ आवाजात, की भाजी आणायला कोणालातरी पाठवा म्हणावं. मला रडू फुटलं. त्यांनी रुमाल दिला, बॅग उचलली, टोपी घातली.

जाताना ते पहिल्या रांगेपाशी थांबले आणि प्रवाशांसमोर हात जोडले. "माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय. माफ करा हं."

पहिल्या रांगेतल्या एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही तर चांगले ठणठणीत दिसताय!"

"हो ना," साहेब म्हणाले, "म्हणूनच चालत उतरतोय."

मला धावत जाऊन त्यांच्या पाया पडायचं होतं. पण प्रवासी आत असताना दोघांपैकी एकाने तरी जागेवरून हलायचं नाही, असं तेच सांगायचे. मी बसून राहिले.